आजीच्या गालावरची राख : डॉज-बर्न करताना रंग का सरकतो आणि तो परत कसा आणायचा

(पॉडकास्टच्या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेल्या पुनरुक्ती काढल्या आहेत, बाकी बोली तशीच ठेवली आहे.)

 

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी मेसेज करून एकच गोष्ट विचारली. "ताई, फोटोत चेहरा थोडा उजळ केला की तो पांढुरका, निर्जीव का दिसतो? आणि सावली थोडी गडद केली की चेहरा भाजल्यासारखा लाल का होतो?" खरं सांगू, हा प्रश्न मला स्वतःला दीड वर्षापूर्वी पडला. आणि कुठल्या ट्युटोरियलमध्ये नाही, घरात पडला. आईसमोर. म्हणून आज आधी ती गोष्ट सांगते, मग त्यातलं गणित, आणि मग उपाय. गणित म्हटल्यावर पळू नका. शाळेत शिकलेला वर्ग आणि वर्गमूळ, बस, त्यापुढे काही नाही.

जे पहिल्यांदा ऐकताय त्यांच्यासाठी सांगते. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, बी.टेक. केलंय. दिवसा कोड लिहिते आणि रात्री झोप येईपर्यंत फोटो रिटच करते. गाव नंदुरबार जिल्ह्यात.

आजीचा फोटो

आमच्याकडे हिवाळ्यात आलात तर नंदुरबारच्या आसपास मिरचीच्या पथाऱ्या दिसतील. ओली लाल मिरची मोकळ्या जागेवर पसरून वाळवतात. लांबून बघितलं तर जमिनीवर कुणी लाल सतरंजी अंथरलीय असं वाटतं. बायका तिथे बसून मिरची निवडतात, देठ खुडतात. माझी आजी, म्हणजे आईची आई, कित्येक वर्षं पथारीवर कामाला जायची. दिवसभर ऊन आणि मिरचीचा खाट. आजीचा रंग काळासावळा, पण त्यात एक तांबूस झाक होती. तापलेल्या मातीसारखी.

तिचे फोटो किती होते? रेशनकार्डावर एक, कुणाच्या तरी लग्नातल्या ग्रुप फोटोत कोपऱ्यात एक, आणि आधारवरचा नखाएवढा एक. तुम्हाला माहीत असेल, देशातलं पहिलं आधार आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं, २९ सप्टेंबर २०१० ला. आजी ते असं सांगायची, जसं काही तिलाच पहिलं मिळालं होतं! (हसते)

तर धड असा एकच फोटो होता, मी फोनवर काढलेला. ती पथारीवर बसलेली, डोक्यावर पदर, समोर मिरचीचा ढीग, दुपारचं ऊन. चेहऱ्यावर हसू आहे, पण पदराची सावली कपाळावर आणि डोळ्यांवर पडलेली. डोळे जवळजवळ दिसतच नव्हते.

आजी गेली. वर्षश्राद्धाला भिंतीवर लावायला मोठा फोटो पाहिजे होता. आई म्हणाली, "तू फोटोचं एवढं करतेस ना, मग तूच करून दे." मी तीन रात्री बसले. डोळ्यांवरची सावली उजळली, डोळ्यांखालचा काळेपणा कमी केला, गालाला थोडा उठाव दिला, हनुवटीखाली गडद केलं. प्रिंट काढली, बारा बाय अठराची, फ्रेम केली आणि घरी घेऊन गेले.

आईने कागद काढला. बराच वेळ बघितलं. मग अहिराणीत एवढंच म्हणाली, "हाई मन्ही माय नही शे." ही माझी आई नाही. मग थोड्या वेळाने म्हणाली, "गालावर राख फासल्यासारखं केलंस. तिला गोरी कशाला करायची होती तुला?"

मंडळी, मला हे का लागलं ते सांगते. त्याच्या आधी घरच्यांनी माझ्या लग्नाच्या बायोडाटासाठी एका स्टुडिओत माझा फोटो काढून घेतला होता. हातात आला तेव्हा मी मलाच ओळखलं नाही. चेहरा मैद्यासारखा पांढरा, आणि मान माझ्याच रंगाची! मी त्यांना म्हटलं, "भाऊ, मी अशी दिसत नाही." ते म्हणाले, "ताई, सगळे असंच मागतात." मी चिडून फोटो परत करायला लावला होता. आणि तेच मी आजीला केलं. मला गोरी करायचीच नव्हती. मी फक्त डोळे दिसावेत म्हणून प्रकाश टाकला होता. मग रंग कुठे गेला?

डॉज आणि बर्न म्हणजे नेमकं काय

थोडं मागे जाऊ. डॉज-बर्न हे शब्द कॉम्प्युटरच्या आधीचे आहेत, डार्करूममधले. निगेटिव्हमधून प्रकाश कागदावर पाडायचा. जिथे कमी प्रकाश पाहिजे, तिथे तारेच्या टोकाला पुठ्ठ्याचा तुकडा लावून तो मध्ये धरायचा. कागदाचा तेवढा भाग उजळ राहतो, तो डॉज. आणि जिथे जास्त गडद पाहिजे, तिथे हाताच्या फटीतून जादा प्रकाश द्यायचा, तो बर्न. फोटोशॉपमध्ये डॉजचं चिन्ह काडीवरच्या गोळीसारखं आणि बर्नचं चिन्ह वळवलेल्या हातासारखं का आहे, ते आता कळलं ना? तो पुठ्ठा आणि तो हात आहे.

अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स या अमेरिकन फोटोग्राफरची डोंगरांची, ढगांची चित्रं तुम्ही कुठे ना कुठे पाहिली असतील. त्याची एकेक प्रिंट म्हणजे डॉज-बर्नची मेहनत आहे. पण लक्षात घ्या, ते काम कृष्णधवल होतं. तिथे गडद करा, उजळ करा, राखाडीचा राखाडीच राहणार. रंग सरकायला रंग होताच कुठे?

आपल्या फोटोत मात्र प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे असतात. लाल किती, हिरवा किती, निळा किती, ० ते २५५ मध्ये. आणि रंग म्हणजे हे तीन आकडे नाहीत. रंग म्हणजे या तीन आकड्यांचं एकमेकांशी असलेलं नातं. आजच्या भागातलं हे एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी पुरे. प्रकाश कमी-जास्त करताना ते नातं बिघडलं की रंग सरकला.

वर्ग आणि वर्गमूळ

मी काय केलं होतं? फोटोवर पन्नास टक्के राखाडी रंगाचा लेयर, ब्लेंड मोड सॉफ्ट लाइट, आणि त्यावर पांढऱ्या-काळ्या ब्रशने रंगवायचं. ही पद्धत सगळीकडे शिकवतात. पद्धत वाईट नाही, पण आतमध्ये काय होतं ते बघा.

फोटोशॉपच्या सॉफ्ट लाइटमध्ये पूर्ण पांढरा मारला, तर प्रत्येक आकड्याचं वर्गमूळ निघतं. पूर्ण काळा मारला, तर वर्ग होतो. म्हणजे आकडा आधी ० ते १ च्या मापात घ्यायचा, वर्ग किंवा वर्गमूळ काढायचं, आणि परत २५५ ने गुणायचं. ब्रश हलका असेल तर त्याच दिशेने थोडं-थोडं सरकतं.

आजीच्या गालावरचे आकडे घेऊ. लाल १२०, हिरवा ७८, निळा ५८. लाल हा निळ्याच्या दुपटीहून थोडा जास्त. ती तांबूस झाक इथे आहे, या दुपटीत.

आता पांढरा मारा. १२० चे होतात १७५. ७८ चे १४१. ५८ चे १२२. उजळ झालं, बरोबर. पण लाल आणि निळ्याचं नातं बघा. आधी दुप्पट होतं, आता दीडपटही उरलं नाही. तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळ आले. आणि तिन्ही आकडे सारखे झाले की काय होतं? राखाडी. आईला जी राख दिसली ती हीच.

आता काळा मारा. १२० चे ५६, ७८ चे २४, ५८ चे १३. आता लाल निळ्याच्या चौपटीहून जास्त! म्हणून बर्न केलेली जागा भाजल्यासारखी लालसर दिसते. नुसता भडकपणा वाढत नाही, रंगाची जातही थोडी बदलते. रंगचक्रावर आजीचा गाल १९ अंशांच्या आसपास होता. बर्न केल्यावर तो १५ कडे, म्हणजे लालाकडे गेला. डॉज केल्यावर २१ च्या पुढे, पिवळ्याकडे. एकाच चेहऱ्यावर शेजारी शेजारी एक ठिगळ पिवळट-राखाडी आणि एक लाल. माणूस आजारी दिसणारच.

कर्व्हने केलं तरी साधारण हीच कथा आहे. नॉर्मल मोडमध्ये कर्व्ह मध्यातून खाली ओढला की छोटा आकडा मोठ्या आकड्यापेक्षा जास्त पटीने खाली जातो. नातं ताणलं जातं.

एकच ब्रश, पण सगळ्यांना सारखा नाही

आता मला रात्रभर झोप न लागू देणारी गोष्ट. मी हाच हिशोब एका गोऱ्या गालावर करून बघितला. लाल २२५, हिरवा १८०, निळा १५५. त्यावर तोच पांढरा ब्रश मारला. लाल २२५ चा २४० झाला. म्हणजे फक्त १५ ने वाढला. आजीचा लाल १२० वरून १७५ झाला होता. ५५ ने वाढ!

ब्रश तोच, जोर तोच. गोऱ्या गालावर १५ आणि आजीच्या गालावर ५५. शिवाय आजीच्या रंगात लाल-निळ्याचं अंतर जास्त होतं, म्हणून गमावलंही जास्त. गणिताच्या मनात काही नसतं, ते सगळ्यांना एकच सूत्र लावतं. पण परिणाम सावळ्या माणसावर जास्त होतो. मी ट्युटोरियल बघून ब्रशचे जे आकडे ठेवले होते, ते गोऱ्या मॉडेलच्या चेहऱ्यावर ठरवलेले होते. मी ते आजीच्या चेहऱ्यावर जसेच्या तसे वापरले.

आणि हे आजचं नाही. फिल्मच्या काळात लॅबमध्ये प्रिंटचे रंग जुळवायला एक नमुना फोटो असायचा. कोडॅकच्या त्या कार्डांना "शर्ली कार्ड" म्हणायचे. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो. तिचा रंग नीट आला की मशीन नीट, असा हिशोब. बाकीच्यांचे चेहरे कसे येतात हे बघायला कार्डच नव्हतं. वेगवेगळ्या वर्णाच्या बायका असलेलं कार्ड आलं ते १९९० च्या दशकात. आणि अलीकडे, २०२२ मध्ये, गुगलने समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची दहा छटांची त्वचारंग मोजपट्टी वापरायला घेतली, कारण कॅमेरा आणि सॉफ्टवेअर कुणाच्या चेहऱ्यावर चुकतं हे आधी मोजता तर आलं पाहिजे.

म्हणजे बघा, "सगळे असंच मागतात" म्हणणारे स्टुडिओवाले भाऊ एकटे नव्हते. आणि मीही त्यांच्यापेक्षा फार वेगळी नव्हते. त्यांनी मुद्दाम केलं, मी न बघता केलं.

मला दिसलं का नाही?

तुम्ही म्हणाल, तीन रात्री बसलीस आणि तुला दिसलं नाही? नाही दिसलं. त्याची दोन कारणं आहेत, दोन्ही तुमच्याही उपयोगाची.

पहिलं, डॉज-बर्न करताना मी सगळ्यात वर कृष्णधवल करणारा एक मदतीचा लेयर ठेवते. त्यामुळे उजेड-सावलीचे डाग नीट दिसतात. चांगली सवय आहे. पण तो लेयर रंगच लपवतो! मी तासन् तास राखाडी आजी बघत होते, आणि शेवटी रंग चालू केला तेव्हा डोळे इतके थकले होते की समोर आलं ते बरोबरच वाटलं.

दुसरं, रात्रीची वेळ, आणि लॅपटॉपचा नाइट लाइट चालू. तो स्क्रीन पिवळी करतो. राखाडी गालावर स्क्रीननेच पिवळी ऊब चढवली होती. प्रिंटवर ती ऊब कुठून येणार? तर नियम लिहून ठेवा. रंगाचं काम करताना नाइट लाइट, आय कम्फर्ट, फोनचा व्हिव्हिड मोड, सगळं बंद.

उपाय : कॉम्प्युटरवर

आता कामाचं.

सगळ्यात आधी, झालेलं काम वाचवायचं असेल तर. मूळ, हात न लावलेल्या फोटोची एक कॉपी घ्या, ती सगळ्या लेयर्सच्या वर ठेवा आणि तिचा ब्लेंड मोड "कलर" करा. म्हणजे उजेड-सावली खालच्या कामातून येते आणि रंग मूळ फोटोतून. एका क्लिकमध्ये ठिगळं जातात. मी आजीच्या फाइलवर हे केलं तेव्हा अक्षरशः हुश्श झालं. नव्वद टक्के राख उतरली.

दुसरं, नव्याने सुरुवात करत असाल तर राखाडी लेयरऐवजी दोन कर्व्ह लेयर घ्या. एक वर उचललेला, एक खाली ओढलेला. दोघांचे मास्क काळे करा, दोघांचा ब्लेंड मोड "ल्युमिनॉसिटी" करा, आणि मास्कवर पांढऱ्या ब्रशने रंगवा. एक काळजी घ्या. राखाडी लेयरचाच मोड सॉफ्ट लाइटवरून ल्युमिनॉसिटी करू नका. सगळा फोटो सपाट होईल. ल्युमिनॉसिटी कर्व्ह लेयरला लावायची.

इथे बरेच जण थांबतात आणि म्हणतात, झालं, प्रश्न सुटला. अर्धं खरं आहे. ल्युमिनॉसिटी तिन्ही आकड्यांत एकच संख्या मिळवते किंवा वजा करते. आजीच्या गालाला ३० वाढवले तर १५०, १०८, ८८. रंगाची जात तीच राहते, पिवळ्या-लालाकडे सरकत नाही. पण दुपटीचं नातं १.७ वर आलं. म्हणजे थोडा फिकेपणा उरतोच. मघाशी मी म्हटलं ना, नव्वद टक्के राख उतरली? उरलेली दहा टक्के ही. "कलर" मोडवाल्या उपायातही हाच फरक राहतो.

तो घालवायचे दोन रस्ते आहेत. एक, त्याच मास्कची कॉपी लावून ह्यू-सॅच्युरेशनचा लेयर घ्या. जिथे डॉज केलंय तिथे सॅच्युरेशन पाच-दहाने वाढवा, जिथे बर्न केलंय तिथे तेवढंच कमी करा. आकडा फोटोप्रमाणे बदलेल, डोळ्याने ठरवा.

दुसरा रस्ता मला इंजिनिअर म्हणून जास्त आवडतो. मुळात नातंच बिघडू द्यायचं नाही. नातं टिकवायचं तर मिळवायचं नाही, गुणायचं. तिन्ही आकड्यांना एकाच संख्येने. गडद करायला "मल्टिप्लाय" मोडचा रिकामा लेयर आणि त्यावर राखाडी ब्रश. १२०, ७८, ५८ ला ०.७ ने गुणलं तर ८४, ५५, ४१. लाल अजूनही निळ्याच्या दुप्पट! उजळ करायला "कलर डॉज" मोडचा लेयर आणि गडद राखाडी ब्रश, फ्लो अगदी कमी. सव्वापट केलं तर १५०, ९८, ७३ च्या आसपास. इथेही दुप्पट टिकली. खऱ्या आयुष्यात गालावर जास्त ऊन पडतं तेव्हा साधारण असंच होतं, सगळा प्रकाश एकाच पटीने वाढतो. म्हणून हे डोळ्याला खरं वाटतं.

याचीही मर्यादा सांगते. लाल आकडा २५५ ला टेकला की तो पुढे जाऊ शकत नाही, बाकीचे दोन मात्र वाढत राहतात. मग रंग पिवळा पडायला लागतो. चमकणारं कपाळ, नाकाचा शेंडा, तिथे कलर डॉज जपून.

साधं डॉज आणि बर्न टूल वापरत असाल तर वरच्या पट्टीत "प्रोटेक्ट टोन्स" नावाचा चौकोन असतो, त्यावर टिक असू द्या. ज्यांच्याकडे फोटोशॉप नाही त्यांनी गिम्प घ्या, फुकट आहे. गिम्पच्या २.१० आवृत्तीपासून एलसीएच नावाचे ब्लेंड मोड आलेत. त्यातला "एलसीएच लाइटनेस" हा ल्युमिनॉसिटीसारखं काम करतो आणि डोळ्याला रंग कसा दिसतो याचा हिशोब जास्त चांगला ठेवतो.

आणि तपासणी कशी करायची? कृष्णधवल लेयरच्या जोडीला दुसरा एक मदतीचा लेयर ठेवा. ह्यू-सॅच्युरेशन, सॅच्युरेशन पन्नासने वाढवलेलं. काम करताना अधूनमधून तो चालू करा. रंग सरकलेली ठिगळं लगेच ओरडायला लागतील. मग तो बंद करून पुढे. सेव्ह करताना मात्र दोन्ही मदतीचे लेयर बंद केलेत ना, बघा. मी एकदा तसाच एक्स्पोर्ट केला होता, सगळं वऱ्हाड टोमॅटोसारखं लाल! (हसते)

उपाय : मोबाईलवर

तुमच्यातले बहुतेक जण फोनवरच काम करता, मला माहीत आहे. स्नॅपसीडमध्ये "ब्रश" टूल उघडा. त्यात डॉज अँड बर्न आहे, आणि त्याच्याच शेजारी टेम्परेचर आणि सॅच्युरेशनचेही ब्रश आहेत. बरेच जण पहिला वापरतात आणि शेजारचे उघडूनच बघत नाहीत. तर असं करा. डॉज सगळ्यात कमी जोरावर ठेवा. झूम करा, म्हणजे ब्रश बारीक होतो. उजळलेली जागा फिकी वाटली तर त्याच जागेवर सॅच्युरेशनचा ब्रश एकदा हलका फिरवा. राखाडी-निळसर वाटली तर टेम्परेचर थोडं उबदार करा. गडद केलेली जागा लाल झाली तर सॅच्युरेशन थोडं कमी.

लाइटरूम मोबाईलमध्ये मास्क करता येत असेल तर त्याच मास्कच्या आत एक्स्पोजरबरोबर सॅच्युरेशन आणि ह्यूच्या पट्ट्या असतात. उजेड बदलला की त्या दोन पट्ट्यांकडे एकदा बघायचंच, अशी सवय लावा. फोन रॉ फोटो काढत असेल तर रॉमध्येच काढा, उजेड बदलायला जागा जास्त मिळते.

आणि आधीचा-नंतरचा फोटो बोटाने दाबून बघताना डोळे-ओठ बघू नका. गाल आणि मान यांचा जोड बघा. चेहरा एका माणसाचा आणि मान दुसऱ्याची वाटत असेल, तर थांबा.

सगळाच सरकलेला रंग चुकीचा नसतो

शेवटचं, आणि हे मला सगळ्यात उशिरा कळलं.

आजीचा फोटो मी पहिल्यापासून केला. राखाडी लेयर काढून टाकला, पटीने उजळलं, अगदी थोडं. डोळे दिसतील एवढंच. सुरकुत्यांना हात लावला नाही. मग आईला शेजारी बसवलं, दिवसाउजेडी, खिडकीजवळ.

आई म्हणाली, "बरं आहे. पण हनुवटीखालचं लाल कुठे गेलं?"

मी म्हटलं, "कसलं लाल? तो तर रंग बिघडला होता, मी काढला."

आई म्हणाली, "अगं, पथारीवर बसलं की खालून मिरचीचं लाल तोंडावर येतंच ना. सगळ्या बायकांच्या येतं."

मी मूळ फोटो उघडला. खरंच होतं. समोरच्या ढिगावर ऊन पडून ते लाल खालून आजीच्या हनुवटीवर आणि मानेवर आलं होतं. मी ते बर्नमुळे सरकलेल्या रंगातलंच एक समजून साफ करून टाकलं होतं. सॉफ्टवेअरला काय कळणार कुठला लाल माझ्या ब्रशचा आणि कुठला मिरचीचा? मलाही कळलं नव्हतं. ते तिथे बसलेल्या माणसालाच माहीत असतं.

तसंच काठीच्या होळीचं. अक्कलकुवा तालुक्यातली ती होळी पहाटे पेटते, हजारो लोक असतात, आणि ज्वाळेचा केशरी रंग सगळ्यांच्या चेहऱ्यांवर असतो. तिथले फोटो रिटच करताना कुणी चेहऱ्यावरचं केशरी काढून टाकलं, तर तांत्रिक दृष्टीने त्वचा "बरोबर" होईल आणि होळी विझून जाईल. म्हणून रंग दुरुस्त करायच्या आधी एक प्रश्न विचारा. हा रंग त्या जागेतल्या उजेडाने आणलाय, की माझ्या ब्रशने? ब्रशने आणला असेल तर काढा. उजेडाने आणला असेल तर राहू द्या.

मी ते लाल परत आणलं. मास्कमधून मानेचा भाग वगळला, बस. पुन्हा प्रिंट काढली. यावेळी आधी छोटी, हातात मावेल अशी. आईने ती उन्हात धरून बघितली. काही बोलली नाही. मग पदर नाकाला लावला आणि म्हणाली, "आता ठसका लागतो."

मोठी प्रिंट भिंतीवर आहे. पहिलीवाली मी फेकलेली नाही. माझ्या टेबलामागे उलटी ठेवलीय.

तर मंडळी, या आठवड्याचा गृहपाठ. घरातल्या सगळ्यात सावळ्या माणसाचा एक फोटो घ्या. त्यात डोळे थोडे उजळ करा, पण रंग सरकू न देता. आणि मग तो मला पाठवायच्या आधी त्या माणसालाच दाखवा. विचारा, "हे तूच आहेस ना?" उत्तर "हो" आलं तर तुमचं काम झालं. "नाही" आलं तर मूळ फोटोची कॉपी सगळ्यात वर ठेवा, ब्लेंड मोड कलर, आणि पुन्हा बसा.

काही अडलं तर व्हॉइस मेसेज पाठवा, पुढच्या भागात घेऊ. तोपर्यंत काळजी घ्या, आणि काम सुरू करण्याआधी नाइट लाइट बंद करा. येते मी!